मोठा ट्रेलर ओढताना वेग किती ठेवावा? अमेरिकेतील नवशिक्या चालकांसाठी मार्गदर्शन

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, ताब्यात देताना विक्रेता पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, फ्रिज आणि छत्री उघडण्याची पद्धत तासभर समजावून सांगतो; पण हा सगळा संसार मागे जोडून फ्रीवेवर गाडी किती वेगाने चालवायची, असे विचारले तर ‘सावकाश न्या’ यापलीकडे सहसा उत्तर मिळत नाही. ओळखीत विचारावे तर एक जण ताशी पंचावन्न मैल सांगतो, दुसरा आपण पंचाहत्तरने आरामात जातो म्हणून सांगतो, आणि दोघेही आपल्याच अनुभवाच्या जोरावर बोलत असतात. माझा ट्रेलर मी बे एरियातून, म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून, ओढतो. त्यामुळे येथील रस्त्यांची उदाहरणे लेखात जास्त येतील; हिशोब मात्र कोणत्याही राज्यात तोच राहतो.

हे मार्गदर्शन साधारण २५ ते ३० फूट लांबीचा, दोन आसांचा ट्रॅव्हल ट्रेलर हाफ-टन पिकअप (मोठ्या पिकअपमधील सर्वांत हलका वर्ग) किंवा मोठ्या एसयूव्हीने ओढणाऱ्यांसाठी आहे. सुरक्षित वेग म्हणजे एकच आकडा नव्हे. कायद्याची मर्यादा, टायरची मर्यादा, वजनाची मांडणी आणि गाडीची कुवत यांपैकी प्रत्येक गोष्ट आपापला आकडा सांगते, आणि त्यांतील सर्वांत लहान आकडा तो तुमचा. तो घरी, ट्रेलर उभा असताना काढावा. रस्त्यावर आल्यावर परिस्थिती पाहून तो कमी करावा, वाढवू नये.

निघण्यापूर्वी जवळ असावे असे

कागदपत्रे:
- वाहन परवाना. कॅलिफोर्नियात नेहमीच्या क्लास सी परवान्यावर १०,००० पौंडांपर्यंत जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे मालासह कमाल अनुज्ञेय वजन, असलेला ट्रेलर ओढता येतो. त्याहून मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परवानगी लागते.
- गाडी आणि ट्रेलर या दोन्हींची नोंदणीपत्रे आणि दोन्हींचा विमा.
- गाडीच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवरील पिवळ्या स्टिकरचा आणि ट्रेलरच्या बाहेरील बाजूस पुढे असलेल्या वजनाच्या स्टिकरचा फोटो.
- वजनकाट्याची पावती (पायरी ३ पाहा).

साधने:
- टायरमधील हवा मोजण्याचा चांगला गेज आणि ट्रेलरच्या टायरला पुरेल असा हवेचा पंप.
- चाकांचे नट आवळण्यासाठी टॉर्क रेंच.
- बाहेर सरकणारे लांब आरसे. कॅलिफोर्नियात मागचा रस्ता किमान २०० फुटांपर्यंत दिसला पाहिजे असा नियम आहे, आणि साडेआठ फूट रुंदीच्या ट्रेलरमागे गाडीचे मूळ आरसे त्यासाठी पुरत नाहीत.
- चाकांखाली लावायचे ठोकळे.
- टायरचे तापमान दुरून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर. हा नसला तरी चालते, पण स्वस्त आहे आणि फार उपयोगी पडतो.

पायरी १ : कायद्याचा आकडा शोधा

कॅलिफोर्नियात कोणतेही वाहन मागे ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटरची मर्यादा आहे. रस्त्याच्या कडेला ६५ किंवा ७० ची पाटी असली तरी ती तुमच्यासाठी नाही. ट्रेलर ओढणाऱ्यांनी सर्वांत उजवीकडच्या लेनमध्ये राहणेही अपेक्षित आहे. एका दिशेला चार किंवा अधिक लेन असतील तेथे तिच्या शेजारची लेनही वापरता येते. नवे लोक नेमके येथेच फसतात, कारण आजूबाजूचे पिकअपवाले ट्रेलर घेऊन सत्तरने जात असतात आणि त्यांच्याकडे पाहून आपणच चुकीचे वाटू लागतो. ते जातात म्हणून मर्यादा बदलत नाही, आणि दंडाची पावती फाडताना पोलीस शेजारच्या लेनचा वेग विचारात घेत नाही.

राज्य बदलले की नियम बदलतो. वॉशिंग्टन राज्यात ट्रेलर जोडलेल्या वाहनांना ६० मैलांची मर्यादा आहे. नेवाडात आय-८० या आंतरराज्य महामार्गावर काही भागांत ८० मैलांची पाटी दिसते, आणि कॅलिफोर्नियातून सीमा ओलांडताच अनेकांचा पाय खाली जातो. कायद्याचा आकडा तेथे मोठा झाला असला तरी टायरचा आकडा सीमेवर बदललेला नसतो, हे पुढच्या पायरीत दिसेल.

ट्रेलर भाड्याचा असेल तर कंपनीची अटही पाहावी. यू-हॉलच्या ट्रेलरवर ५५ मैलांची कमाल मर्यादा ठळक छापलेली असते, आणि ती राज्य कोणतेही असले तरी लागू असते. ब्रिटनमधील वाचकांसाठी सांगायचे तर तेथे कॅराव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला मोटरवे आणि दुहेरी मार्गावर ६०, तर एकेरी मार्गावर ५० मैलांची मर्यादा आहे, आणि तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सर्वांत बाहेरची लेन तिला बंद असते.

पायरी २ : टायर वाचा

ट्रेलरच्या टायरसमोर खाली बसा आणि बाजूवरील अक्षरे वाचा. आकाराच्या सुरुवातीला बहुधा ‘एसटी’ अशी अक्षरे असतील. हे खास ट्रेलरसाठी बनवलेले टायर असतात. जुन्या पद्धतीनुसार ज्या एसटी टायरवर वेगाचे वेगळे चिन्ह नाही, तो ६५ मैलांसाठी बनवलेला आहे असे धरले जाते. अलीकडच्या टायरवर आकाराच्या शेवटी एक अक्षर असते : जे म्हणजे ६२ मैल, एल म्हणजे ७५, एम म्हणजे ८१, एन म्हणजे ८७. ही टायरची सहनशक्ती आहे, चालवण्याची शिफारस नव्हे. माझ्या मते या आकड्याच्या किमान पाच मैल खालीच राहावे, आणि उन्हाळ्यात मोहावी वाळवंटातून आय-१५ ने जात असाल तर दहा मैल.

याचे कारण उष्णता आहे. टायर फिरताना प्रत्येक फेरीत दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यातून उष्णता निर्माण होते; वेग वाढला, वजन वाढले किंवा हवा कमी पडली की ती वाढते. मोटारीच्या टायरला सहसा पुष्कळ राखीव कुवत असते. ट्रेलरचे टायर मात्र बहुतेक वेळा आपल्या कमाल वजनाच्या जवळच काम करत असतात. म्हणून टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वी, ट्रेलरच्या स्टिकरवर सांगितलेली पूर्ण हवा भरावी. दुपारी पेट्रोल भरताना गेज लावला तर दाब जास्त दिसेल. तो पाहून हवा काढू नये, कारण गरम टायरमधील दाब वाढणे हे नैसर्गिक आहे.

टायरचे वयही पाहावे. बाजूवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ट्रेलर वर्षातील बहुतेक दिवस उन्हात उभा असतो, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसत असतानाही आतले रबर जुने झालेले असते. जुना ट्रेलर विकत घेताना ‘टायर फारसे वापरलेलेच नाहीत’ हे वाक्य ऐकू आले की हे चार अंक आधी शोधावेत. पाच-सहा वर्षांपुढचे टायर असतील तर वेगाचा हिशोब बाजूला ठेवून आधी टायर बदलावेत.

पायरी ३ : वजनकाट्यावर जा

सर्वांत जास्त लोक हीच पायरी गाळतात, आणि वेगाशी तिचाच संबंध सर्वांत जवळचा आहे.

ट्रेलर किती वेगाला डोलू लागेल हे मुख्यतः त्याच्या वजनाच्या मांडणीवर ठरते. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या गोळ्यावर, आले पाहिजे. यालाच टंग वेट म्हणतात. ते कमी पडले तर ट्रेलरची शेपटी जड होते आणि तो कमी वेगालाही हेलकावे घेऊ लागतो. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरमागून ज्यांनी कधी गाडी चालवली आहे, त्यांना मागची ट्रॉली कशी स्वतःच्या मर्जीने इकडे-तिकडे जाते हे वेगळे सांगायला नको. आणि तो ट्रॅक्टर तर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरने चाललेला असतो.

माहितीपत्रकातील वजनावर विसंबू नका. त्यात छापलेल्या ‘कोऱ्या’ वजनात पाणी, भांडीकुंडी, अंथरुणे, खुर्च्या आणि आठवडाभराचा शिधा नसतो. बहुधा बॅटरी आणि भरलेले गॅस सिलिंडरही नसतात. महामार्गावरील मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. ते खाजगी वाहनांनाही वापरता येतात आणि खर्च थोडाच येतो. जाण्याची पद्धत अशी :

प्रवासाला निघताना असेल तसे सगळे सामान आणि सगळी माणसे घेऊन जा. काट्यावर वेगवेगळे पट्टे असतात. गाडीची पुढची चाके पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची चाके तिसऱ्यावर येतील अशी गाडी उभी करा. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे हिचवरचे वजन दांड्यांच्या ताणाने पुढच्या आसाकडेही वाटणारी जोडणी, असेल तर पहिले वजन त्याचे दांडे सैल करून घ्या. बोलण्याचे बटण ट्रकच्या खिडकीच्या उंचीवर असते, त्यामुळे पिकअपमधून हात पोचत नाही आणि खाली उतरावे लागते. मागे ट्रक उभा असला तरी गडबडून जाऊ नका, किंवा सरळ मोबाइलवरील ॲप वापरा. नंतर ट्रेलर बाजूला उभा करून नुसत्या गाडीचे वजन घ्या. चोवीस तासांच्या आत दुसरे वजन स्वस्तात होते.

आता हिशोब. समजा नुसत्या गाडीचे वजन ६,३०० पौंड आले. ट्रेलर जोडल्यावर गाडीच्या दोन आसांवर मिळून ७,०८० आणि ट्रेलरच्या आसांवर ५,७२० पौंड आले. ७,०८० मधून ६,३०० वजा केले की टंग वेट ७८० पौंड. ट्रेलरचे पूर्ण वजन ५,७२० अधिक ७८०, म्हणजे ६,५०० पौंड. ७८० हे ६,५०० च्या १२ टक्के होतात, म्हणजे मांडणी ठीक आहे.

पण येथेच थांबू नका. दाराच्या चौकटीवरील पिवळ्या स्टिकरवर माणसे आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, तो आकडा असतो, आणि टंग वेट त्यातच मोजावे लागते. समजा तो १,५०० पौंड आहे. ७८० टंग वेट, १०० पौंडांची हिच आणि चार माणसांचे ६०० पौंड मिळून १,४८० झाले. म्हणजे ‘नऊ हजार पौंड ओढते’ अशी जाहिरात असलेली गाडी साडेसहा हजारांच्या ट्रेलरलाच भरली, आणि मागे कूलर ठेवायलाही जागा उरली नाही. मागचा आस असा दबला की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग तरंगल्यासारखे लागते आणि फ्रीवेवर सरळ रेषेत गाडी ठेवण्यासाठी सतत धडपड करावी लागते.

मांडणी सुधारायची तर जड वस्तू आसाच्या किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवाव्यात. साधारण साठ टक्के सामान पुढच्या निम्म्या भागात येईल असे पाहावे. मागच्या बंपरवर चार सायकली टांगणे हा टंग वेट घटवण्याचा हमखास मार्ग आहे. पाण्याच्या टाकीची जागाही तपासा. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंड भरते, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंडांहून अधिक वजन वाढले. टाकी आसाच्या मागे असेल तर भरल्याने टंग वेट कमी होते आणि पुढे असेल तर वाढते. यामुळे जाताना शांतपणे चाललेला ट्रेलर येताना टाक्या वेगळ्या स्थितीत असल्यामुळे अस्वस्थ वाटू शकतो.

पायरी ४ : हिच आणि ब्रेक यांची जुळणी

या वजनाच्या ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच आणि डोलणे रोखणारी जोडणी असावीच. दांडे ताणल्यावर पुन्हा एकदा वजन केले तर पुढच्या आसावरून उडालेले वजन कितपत परत आले ते पावतीवरच दिसते. ट्रेलर बाजूने पाहिल्यास सपाट, किंवा नाक किंचित खाली असलेला दिसावा. नाक वर केलेला ट्रेलर वेगात स्थिर राहत नाही. ही जोडणी वजनाची चूक झाकण्यासाठी नाही. शेपटीजड ट्रेलरला महागडी हिच लावली तर त्याचे डोलणे फक्त थोड्या अधिक वेगापर्यंत लांबते, आणि मग जेव्हा सुरू होते तेव्हा अधिक जोरात होते.

ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे चालकाजवळून ट्रेलरचे विजेचे ब्रेक चालवणाऱ्या उपकरणाची, जुळणी मोकळ्या, कोरड्या, सपाट जागेत करा. ताशी वीस-पंचवीस मैलांवर असताना कंट्रोलरचा हाताचा दट्ट्या पूर्ण दाबा. ट्रेलरची चाके घसटू लागतील इतका जोर वाढवत न्या आणि तेथून किंचित कमी करा. दट्ट्याची जागा हाताला न पाहता सापडली पाहिजे. का, ते आठव्या पायरीत येईल.

पायरी ५ : स्वतःचा आकडा काढा

आता रविवारी पहाटे, वारा नसताना, ओळखीच्या सरळ रस्त्यावर निघा. ४५, ५० आणि ५५ या प्रत्येक वेगाला दहा-दहा मिनिटे चालवा. कायदा आणि टायर परवानगी देत असतील तेथेच ६० पर्यंत जा. स्टिअरिंग मुद्दाम हलवून ट्रेलरची परीक्षा घेऊ नका. एखादा मोठा ट्रक बाजूने पुढे जाईल तेव्हा काय होते तेवढे पाहा. ट्रकच्या पुढची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते आणि मग तो सरकताना आत ओढते. ट्रेलर एकदा हलून लगेच सरळ झाला तर तो वेग मानवला. दुसरा-तिसरा हेलकावा आला तर पाच मैल कमी करा, आणि घरी गेल्यावर पायरी ३ पुन्हा करा.

तुमचे शरीरही काही सांगत असते. स्टिअरिंगवरची बोटे आवळली जात असतील, दर दोन सेकंदांनी दुरुस्ती करावी लागत असेल, शेजारी बसलेल्याशी बोलताना वाक्य अर्धवट सुटत असेल, तर वेग जास्त आहे. इंजिनही सांगते : गिअर सारखा वर-खाली होत असेल तर गाडी त्या वेगाला हवेशी झुंजते आहे. ट्रेलरचे सपाट तोंड हवेत शिरताना होणारा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ५५ वरून ६५ वर गेल्यास तो सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होतो. ट्रेलर ओढताना मायलेज निम्म्याच्या आसपास उतरतेच. वरच्या दहा मैलांची किंमत त्यात आणखी मोजावी लागते.

ब्रेकचेही तेच गणित. चालत्या वाहनातील ऊर्जाही वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ६५ वरून थांबताना ब्रेकना ५५ च्या तुलनेत ४० टक्के अधिक ऊर्जा जिरवावी लागते. पुढच्या गाडीपासून किमान सहा सेकंदांचे अंतर ठेवा. ६० मैलांना एका सेकंदात ८८ फूट रस्ता सरकतो, म्हणजे हे अंतर सव्वापाचशे फुटांहून अधिक भरते. त्या मोकळ्या जागेत मोटारी शिरत राहतील. दर वेळी पाय किंचित उचलून अंतर पुन्हा करून घ्यावे, याला इलाज नाही.

माझा स्वतःचा निष्कर्ष असा, की कॅलिफोर्नियात ५५ आणि बाहेर ६० ते ६२, यापुढे जाण्यासारखे काही मिळत नाही. ज्यांची गाडी वन-टन, म्हणजे सर्वांत दणकट वर्गातील, डिझेल पिकअप आहे आणि टायर वरच्या दर्जाचे आहेत त्यांना ६५ सहज जमेल. पंचाहत्तर मात्र मला कोणत्याही ट्रॅव्हल ट्रेलरसाठी पटत नाही.

पायरी ६ : घाटात वेग आधी ठरवा

चढावर मागे पडण्याची लाज बाळगू नका. अमेरिकेत गाड्यांची ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी एसएई जे-२८०७ नावाचे मानक वापरले जाते, आणि त्याची चढाची परीक्षा ॲरिझोनातील डेव्हिस डॅम घाटावर बेतलेली आहे. एअर कंडिशनर पूर्ण चालू ठेवून, कडक उन्हात, साध्या पिकअपने तेथे ताशी ४० मैलांच्या खाली येऊ नये एवढीच तिची अपेक्षा आहे. म्हणजे उत्पादकांच्याच कसोटीत चाळीस पुरेसे आहे. टो-हॉल मोड (ओझे ओढताना गिअर बदलण्याची पद्धत बदलणारे गाडीतील बटण) लावा, क्रूझ कंट्रोल बंद करा, तापमानाचा काटा पाहत उजव्या लेनने ट्रकांबरोबर चढा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के घटते. ९,९४३ फुटांवरील टायोगा पासला ती एक चतुर्थांशाहून अधिक कमी झालेली असते.

खरी काळजी उताराची. उताराचा वेग माथ्यावर ठरवायचा आणि तेथेच खालच्या गिअरमध्ये यायचे. उतार लागल्यावर गिअर शोधत बसणे उशिराचे असते. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला आय-५ वरील ग्रेपव्हाइनचा उतार सहा टक्क्यांचा आहे आणि मैलोन्‌मैल संपत नाही. अशा ठिकाणी ब्रेकवर पाय टेकवून ठेवला की ब्रेक तापतात, वास येतो आणि शेवटी पकड जाते. समजा ४५ ठरवले आहे. काटा ४५ ला आला की ब्रेक ठामपणे दाबून तो ४० वर आणा, मग पाय पूर्ण उचला, ब्रेक थंड होऊ द्या, आणि पुन्हा ४५ ची वाट पाहा.

बे एरियातून योसेमिटीला १२० क्रमांकाच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाटेत प्रीस्ट ग्रेडचे दोन रस्ते आहेत. जुना रस्ता आखूड आहे, पण त्याचा चढ काही ठिकाणी २० टक्क्यांच्या घरात जातो आणि तो ट्रेलरसाठी नाही. मोबाइलवरील नकाशा मात्र जवळचा म्हणून तोच सुचवू शकतो. वळणावळणाचा लांब, नवा रस्ता म्हणजेच महामार्ग १२०. तोच धरावा, वर जाताना आणि येतानाही.

अशा दुपदरी रस्त्यांवर तुमच्यामागे पाच किंवा अधिक गाड्या अडकल्या तर कॅलिफोर्नियात कायद्याने तुम्हाला बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यावे लागते. पुढचा टर्नआउट, म्हणजे बाजूला थांबण्यासाठी रुंद केलेली जागा, आला की इंडिकेटर लावून आत घ्या. मागच्याच्या दबावाने वेग वाढवण्यापेक्षा ते एक मिनिट केव्हाही स्वस्त.

पायरी ७ : वारा

ट्रेलरची बाजू म्हणजे तीस फूट लांबीची भिंत. समोरचा वारा इंधन खातो, पण आडवा वारा गाडीच ढकलतो. आल्टामाँट पास, पाम स्प्रिंग्जजवळचा सॅन गोर्गोनियो पास आणि वायोमिंगमधील आय-८० चा लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी ओळखला जातो. पहिल्या दोन ठिकाणी पवनचक्क्यांच्या रांगाच उभ्या आहेत, आणि वायोमिंगमध्ये वाऱ्यामुळे हलक्या, उंच वाहनांना रस्ता बंद केल्याच्या सूचना वरचेवर लागतात. त्या वाहनांत तुमचा ट्रेलर येतो.

झुळुका जोरात येऊ लागल्या की वेग ४५ ते ५० वर आणा. पुलावर, डोंगराच्या आडोशातून उघड्यावर येताना आणि ट्रकला मागे टाकल्यावर धक्का अपेक्षित धरा. तेवढ्यानेही गाडी लेनमध्ये राहत नसेल तर योग्य वेग शून्य आहे : पुढच्या एक्झिटला उतरा आणि वारा पडेपर्यंत थांबा. वाळवंटी भागात वारा बहुधा दुपारनंतर वाढतो, म्हणून असे टप्पे सकाळी पार होतील असे निघावे.

पायरी ८ : ट्रेलर डोलू लागलाच तर

हे वाचून ठेवा, आणि गाडीत पुढे बसणाऱ्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही वाचायला द्या.

१. ॲक्सिलरेटरवरून पाय उचला.
२. पायाने ब्रेक दाबू नका. गाडी मंदावते, मागचा ट्रेलर तिला ढकलतो आणि हेलकावा वाढतो.
३. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. ट्रेलरच्या उलट दिशेला फिरवून त्याला आवरण्याचा प्रयत्न करू नका; तुमची दुरुस्ती पोचेपर्यंत तो दुसऱ्या बाजूला गेलेला असतो.
४. ब्रेक कंट्रोलरचा हाताचा दट्ट्या दाबा. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणला जाऊन सरळ होतो.
५. सावरल्यावर सुरक्षित जागी थांबा आणि टायर, हिच, सामानाची मांडणी तपासा.

वेग वाढवून ट्रेलर सरळ ओढून घेण्याचा सल्ला काही जुने चालक देतात. तो ऐकू नका. त्याने डोलणे जेथे सुरू झाले त्याच वेगाच्या आणखी वर तुम्ही जाता. नव्या गाड्यांत डोलणे ओळखून ब्रेक लावणारी यंत्रणा असते आणि ती मदत करते, पण ती जागी झाल्याचा दिवा लागला तर त्या दिवसाचा वेग दहा मैलांनी कमी करून पुढे जावे, आणि मुक्कामी पोचल्यावर सामान नव्याने लावावे.

पायरी ९ : वेळेचा हिशोब वेगाप्रमाणे करा

वेग वाढवण्याचा मोह बहुतेकदा उशीर झाल्यामुळे होतो. २४० मैलांच्या फ्रीवे प्रवासाला ६५ ने ३ तास ४२ मिनिटे लागतात आणि ५५ ने ४ तास २२ मिनिटे. फरक चाळीस मिनिटांचा आहे, आणि डब्यातले थालीपीठ खायला थांबलात तर तो कोणाला जाणवणारही नाही. नकाशाचे ॲप मोटारीच्या वेगाने पोचण्याची वेळ दाखवते. त्यात दर चार तासांमागे एक तास मिळवा, म्हणजे वेळ, पेट्रोल आणि थांबे बसतात.

पहिला थांबा सुमारे पन्नास मैलांवर घ्या. नव्या ट्रेलरच्या किंवा नुकत्याच काढलेल्या चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. चारही टायर आणि हब (चाकाचा मधला भाग) थर्मामीटरने पाहा. सर्वांचे तापमान साधारण सारखे हवे. एकच टायर गरम असेल तर त्यातील हवा कमी आहे, एकच हब गरम असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक असू शकतो, आणि दोन्ही बाबतींत दुरुस्तीशिवाय पुढे निघू नये. साखळ्या, विजेची जोडणी आणि हिचची पिन हाताने हलवून पाहा. पुढे दर दोन तासांनी हीच फेरी पुरते.

मुक्कामी उजेड असताना पोचाल अशा बेताने घरून निघा. ट्रेलर मागे घेऊन अरुंद जागेत लावणे हे नवशिक्यासाठी दिवसातील सर्वांत अवघड काम असते, आणि झाडांच्या अंधारात, शेजारचे लोक झोपलेले असताना ते करायची वेळ येणार नाही हे ठाऊक असले की वाटेत वेगाची घाईही होत नाही.